सीओईपी हुकलं, सातपूर मिळालं : तुमचं पुढे काय झालं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

काल संध्याकाळी बहिणीकडे गेलो होतो, इंदिरानगरला. दारातच कळलं की काहीतरी बिनसलंय. टीव्ही बंद, भाचीच्या खोलीचं दार लोटलेलं, मेहुणे पेपर वाचत बसलेले, तोही सकाळचाच. घरात सुतक असल्यासारखं वातावरण. कॅपच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, दुसऱ्या फेरीचं अलॉटमेंट आलं होतं आणि पोरीला नाशिकमधलंच कॉलेज लागलं होतं, ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम. ऑप्शन फॉर्मवर वरची अकरा नावं पुण्या-मुंबईची, पहिलं सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं इंजिनीअरिंग कॉलेज, ब्रँच कॉम्प्युटर. लागलेलं हे बारावं.

बहीण हळूच म्हणाली, "तू बोल तिच्याशी. तुझंही तसंच झालं होतं ना." एखाद्याच्या अपघाताबद्दल बोलावं असा तिचा सूर. मी दारापर्यंत गेलो, "चहा घेतेस का" असं विचारलं, उत्तर आलं नाही, परत फिरलो. तिथे बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

माझं साल २०१४. त्या वर्षी आणि २०१५ ला महाराष्ट्रात इंजिनीअरिंगसाठी सीईटीचे मार्क धरलेच नाहीत. जेईई मेनचे निम्मे आणि बारावीचे निम्मे, असा हिशोब होता. बारावीत मी मजबूत होतो, जेईईत फिजिक्सने दगा दिला. चूक उत्तराला मार्क कापतात हे माहीत असूनही शेवटच्या वीस मिनिटांत गोळे काळे करत सुटलो. सीओईपीने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. १८५४ चं कॉलेज, तो बोट क्लब, ती रेगाटा, हे सगळं मी अकरावीपासून मनात रंगवून ठेवलं होतं. मिळालं काय, तर घरून सिटी बसने जायचं कॉलेज, मेकॅनिकल.

पहिलं वर्ष मी रुसण्यात घालवलं, ते लपवत नाही. मागच्या बाकावर बसायचं, 'आपण इथले नाहीच' असा चेहरा करायचा. त्याचं फळ दुसऱ्या वर्षी मिळालं, एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागली. इथला नसलेला माणूस इथल्याच पेपरात नापास.

वडील नाशिकमध्येच सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते. फार बोलायचे नाहीत. केटीचा निकाल लागला त्या आठवड्यात म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल." त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचा एमआयडीसीत गाळा होता, फिक्स्चर, म्हणजे मशीनवर नग पक्का धरून ठेवणारी साधनं, बनवायचा. त्या काकांनी माझ्यापुढे एक ड्रॉइंग टाकलं आणि एका भोकावर बोट ठेवलं. "हे कुठून मोजायचं?" मी कडेपासून मोजून दाखवलं. ते म्हणाले, "कोणत्या कडेपासून? ही कड तर ओतीव आहे, प्रत्येक नगाला वेगळी येणार." ड्रॉइंगच्या पेपरला मला चांगले मार्क होते हो! पण आधी कोणता पृष्ठभाग पक्का धरायचा आणि मग बाकीचं त्याच्यापासून मोजायचं, हे डेटम नावाचं प्रकरण मी पाठ केलं होतं, मला कळलं नव्हतं.

पुढचे सहा आठवडे मी तिथे फक्त कानस घेऊन नगांच्या कडांवरच्या बर, म्हणजे धातूची कुसळं, काढल्या. मग दर रविवारी जायला लागलो. एखादा नग पकडायचा म्हणजे त्याच्या हालचाली एकेक करून बंद करायच्या. खाली तीन टेकू, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक, मग क्लॅम्प. पुस्तकात दोन पानं असलेली ही गोष्ट मी तिथे दोन वर्षं शिकलो. कामगार नग कुठल्या हाताने उचलतो, कूलंट कुठे साचतं, कापलेल्या धातूची चिप लोकेटरखाली, म्हणजे त्या टेकूखाली, अडकली की अख्खी बॅच कशी वाकडी जाते, हे पुण्याला गेलो असतो तर मला तिसऱ्या वर्षी कळलं असतं का? नाही. दुसरं काहीतरी कळलं असतं, तेही तितकंच मोलाचं असेल. ते मला कधीच कळणार नाही, हेही खरंच.

कॉलेजच्या कॅम्पसला माझं काही झालं नाही. २०१८ ला अकरा हजारांवर त्याच गाळ्यात लागलो. २०२१ ला अंबडला स्वतःचा गाळा भाड्याने घेतला, कर्ज काढून सेकंड हँड व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. आज आम्ही सात जण आहोत. हप्ता वेळेवर जातो. याला यश म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझी आई म्हणते.

मध्ये एकदा पुण्यात मशीनच्या प्रदर्शनाला गेलो होतो. संगम पुलावरून जाताना नदीत पोरं वल्ही मारत होती. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, दोन मिनिटं बघत बसलो. पोटात अजून हललं. भाचीला हे सांगायचं की नाही, तेच कळत नाहीये.

ज्यांचं हवं ते कॉलेज हुकलं त्यांनी लिहा. नुसतं 'होईल सगळं छान' नको.

---

खारीबिस्कीट

अब्दुल कलामांनाही वैमानिक व्हायचं होतं. जागा आठ होत्या आणि ते नववे आले. भाचीला हे नक्की सांगा 🙏

---

पास_होल्डर

खारी, राग मानू नका, पण हा फॉरवर्ड त्या पोरीला काल संध्याकाळपासून चार मावश्यांनी पाठवला असणार. दुसरा येतो तो वॉरन बफेचा. हार्वर्डने नाकारलं म्हणे! मग तो कुठे गेला, तर कोलंबियाला. असलं 'दुसरं कॉलेज' आम्हालाही चाललं असतं.

मी पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जातो, कंपनीत माणसं निवडणं हेच माझं काम. त्यामुळे थोडं कडू लिहितो. कॉलेजच्या नावाने फरक पडतो. पहिल्या नोकरीला तर चांगलाच पडतो. आम्ही कॅम्पसला जातो ती ठराविक कॉलेजं असतात, ती यादी दरवर्षी कोणी नव्याने विचार करून बनवत नाही, गेल्या वर्षीचीच पुढे सरकते. यादीत नसलेल्या कॉलेजातला पोरगा हुशार असला तरी त्याचा बायोडाटा माझ्यापर्यंत येतच नाही. ही अन्यायाची गोष्ट आहे, पण आहे. 'कॉलेजने काही होत नसतं' असं सांगून पोरांना फसवू नये.

आणि अशा धाग्यांवर लिहितात कोण? ज्यांचं जमलं तेच. ज्याचं कॉलेज हुकलं आणि पुढेही काही जमलं नाही, तो इथे कशाला येईल?

आता गोडही लिहितो. तीन-चार वर्षांचा अनुभव झाला की मी शिक्षणाचा रकाना शेवटी बघतो. तेव्हा 'काय केलंस ते सांग' एवढाच प्रश्न असतो. ज्याने खरंच हाताने काही केलंय, तो 'त्या वेळी आमचं काय चुकलं' हे सांगायला लागतो. ज्याने केलेलं नसतं त्याचं सगळं बरोबरच असतं.

---

द्राक्षबाग

गोदाकाठदादा, आपण एकाच सालातले निघालो, फक्त मी तेव्हा दहावीला होतो. गाव निफाड तालुक्यात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल. काढणीला आलेला माल होता, अर्ध्या तासात बागेखाली चिखल आणि मणी. मला नाशकात अकरावी सायन्स आणि क्लास लावायचा ठरलं होतं, क्लासवाल्याशी बोलणंही झालं होतं. गारपिटीनंतर वडिलांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही.

गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल डिप्लोमा घेतला, कारण फी परवडत होती. एवढंच कारण. नातेवाईक म्हणायचे, "हुशार होता, डिप्लोमाला गेला." वाया गेला म्हणायचं असतं, पण तोंडावर म्हणत नाहीत. पहिले सहा महिने इंग्रजीने रडवलं. मास्तर 'करंट लॅग्ज' म्हणायचे, मी वहीत मराठीत 'करंट मागे राहतो' असं लिहून ठेवायचो.

आता कामाचं सांगतो, कारण बऱ्याच पालकांना हे माहीत नसतं. डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, त्याची कॅप वेगळी असते. त्यात सीईटी नाही, जेईई नाही, डिप्लोमाचे मार्क चालतात. मोठ्या सरकारी कॉलेजांतही या जागा असतात. थोड्याच असतात, त्यामुळे मार्क खरंच वर लागतात. मी २०१७ ला डिप्लोमा संपवला आणि त्याच वाटेने माटुंग्याला व्हीजेटीआयला गेलो. माझ्याबरोबर दहावीला असलेले दोघं बारावी करून तिथेच अर्ज करत होते, त्यांना नाही लागलं. मी मागच्या दाराने गेलो असं ते गमतीने म्हणतात. दार मागचं नाही, बाजूचं आहे, आणि त्यावर पाटीही लावलेली आहे. लोक वाचत नाहीत.

तिथे गेल्यावर गणितात महिनाभर आपटलो, हेही लिहितो. बारावीवाल्यांचं इंटिग्रेशन पक्कं असतं, आपलं नसतं. पण लॅबमध्ये मोटरचं स्टार-डेल्टा कनेक्शन करायची वेळ आली की सगळे माझ्या टेबलाभोवती.

ऑक्टोबर छाटणीला अजून घरी जातो.

---

मेटलर्जी_ते_बँक

उलटी बाजू मी मांडतो. मला सीओईपी मिळालं होतं.

२०१६ ला कॉम्प्युटरएवढे मार्क नव्हते, पण 'सीओईपी ते सीओईपी' म्हणून ऑप्शन फॉर्मवर तिथली मेटलर्जी पहिली टाकली. पहिल्या पसंतीचं लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. लागली आणि फ्रीझ झाली. घरी पेढे वाटले. मेटलर्जी म्हणजे काय हे मी पेढे वाटून झाल्यावर वाचलं.

विषय वाईट नाही, त्यात रमलेले मित्र आज उत्तम करताहेत. मी रमलो नाही. चार वर्षं शिक्क्याकडे बघत काढली आणि नंतर बँकेची परीक्षा दिली. आता शाखेत कर्जविभागात आहे. काम आवडतं, खरंच. पण कॉलेजचं नाव निघालं की लोक विचारतात, "मग बँकेत कसे?" हा प्रश्न नाशिकच्या कॉलेजातून आलेल्या माझ्या सहकाऱ्याला कोणी विचारत नाही.

पुढच्या वर्षी फॉर्म भरणाऱ्यांनी एवढंच बघा, पहिल्या ओळीत असं काही टाकू नका जे लागलं तर पंचाईत होईल. आणि मित्राचा फॉर्म बघून तर अजिबात भरू नका.

---

आई_आहे_मी

माझ्या मुलाला एक वर्ष ड्रॉप घ्यायचाय. इंजिनीअरिंगच. क्लासवाले म्हणतात नक्की घ्या. क्लासवाले असंच म्हणणार, हे मला कळतं. तुम्ही काय म्हणता?

---

नीटनेटका

ताई, मी दोन ड्रॉप घेतलेला माणूस. माझं नीटचं होतं, एमबीबीएस हवं होतं. पहिल्यांदा सरकारी जागा नऊ मार्कांनी गेली. दुसऱ्यांदा माझे मार्क वाढले आणि कटऑफ त्याहून वाढला, चार मार्कांनी गेली. तिसऱ्यांदा मार्कच कमी झाले. ७२० मार्कांच्या पेपरात कुठले चार मार्क, हे मला आजही प्रश्नासकट आठवतं.

पहिला ड्रॉप मी विचार करून घेतला होता. काय कच्चं आहे ते माहीत होतं, फिजिक्स. दुसरा घेतला तो 'आता इतकं केलंय तर' म्हणून. पत्त्यात हरणारा माणूस उठत नाही, तसं. मुलाला एकच विचारा, या वर्षी तू नेमकं काय वेगळं करणार आहेस? दोन वाक्यांत उत्तर आलं तर घेऊ द्या. 'जास्त अभ्यास करणार' हे उत्तर नव्हे.

मी शेवटी फिजिओथेरपीला गेलो. आता पाथर्डी फाट्याजवळ छोटं क्लिनिक आहे. गंमत बघा, दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विद्यापीठावरून लहानपणापासून जायचो, तिथलीच पदवी हवी असं वाटायचं. मिळाली तिथलीच, एमबीबीएस असो की फिजिओ, विद्यापीठ एकच. पेशंट मला 'डॉक्टर' म्हणतात आणि सोसायटीतले काका 'मालिशवाले' म्हणतात. काकांचा खांदा गेल्या महिन्यात आखडला होता. हात आता वर जातो, म्हणणं बदललेलं नाही.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

ताई, नीटनेटका यांच्याशी सहमत. इंजिनीअरिंगपुरती माझी भर : इथे वर्ष न गमावताही दुसरी संधी मिळते. गेट द्यायची, एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा. तिसऱ्या वर्षापासून बसता येतं, स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि त्यावर आयआयटीत किंवा सीओईपीतच एमटेकला जाता येतं. गेटवर एमटेकला गेलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं, म्हणजे बापाच्या खिशाला हात लागत नाही. माझ्या वर्गातले तिघं असे गेले. त्यातल्या एकाची पहिल्या वर्षी माझ्याएवढीच रड होती, फक्त त्याने ती लवकर आवरली. तिसऱ्या वर्षापासून रोज दोन तास, हॉस्टेलच्या गच्चीवर, बाकी काही नाही.

पास_होल्डर, तुमचं म्हणणं मान्य. यादीत नसलेल्या कॉलेजातल्या मुलाला धावपळ जास्त करावी लागते. माझ्या वेळी मला हे कोणी सांगितलं असतं तर पहिलं वर्ष रुसण्यात गेलं नसतं. मला कोणी म्हणालं 'काही फरक पडत नाही', कोणी म्हणालं 'संपलं सगळं'. मधलं कोणीच म्हणालं नाही.

---

सावानावाली

इंजिनीअर-डॉक्टरांच्या गर्दीत माझी कलाशाखा.

२००९ ला बारावीनंतर मला फर्ग्युसनला जायचं होतं. मार्क होते, यादीत नावही आलं होतं. वडील म्हणाले, पुण्याला एकटी नाही. तेव्हा तुमच्यासारखं माझं मार्कांनी हुकलं नाही, घराच्या उंबऱ्याने हुकलं. त्याचा राग जास्त टिकतो.

नाशकात कॉलेजं होती की, एचपीटी होतं. पण त्याच वर्षी वडिलांची नोकरी गेली आणि मी मेनरोडला साडीच्या दुकानात लागले. दिवसभर उभं राहून घड्या घालायच्या. मुक्त विद्यापीठाचा बीएचा फॉर्म भरला तो दुकानातल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून. त्या स्वतः पस्तिसाव्या वर्षी करत होत्या. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे वाक्य लोकांनी चेष्टेचं करून टाकलंय, माझ्या घरी मात्र ती पुस्तकांच्या गठ्ठ्याच्या रूपाने खरंच आली. सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्र, संध्याकाळी दुकान सुटलं की सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना. १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, त्याच्या एका खुर्चीवर माझा हक्क आहे असं मी मानायचे.

पदवी हातात आल्यावर एका खासगी ठिकाणी मुलाखतीला गेले. समोरचे गृहस्थ हसले, "मुक्त म्हणजे घरबसल्या ना?" मी म्हटलं, "नाही, दुकानात उभ्याउभ्या." नोकरी अर्थातच मिळाली नाही. स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मवर मात्र कोणी हसत नाही, पदवी मान्यताप्राप्त आहे का एवढंच बघतात. तिसऱ्या प्रयत्नात लागले, महसूल खात्यात आहे.

फर्ग्युसनला मी नंतर गेले होते, परीक्षेचं केंद्र तिथे आलं होतं. पेपर झाल्यावर तासभर आवारात फिरले. झाडं छान आहेत.

---

खारीबिस्कीट

झाडं छान आहेत 👌 ताई, रडवलंत.

बाय द वे, पाथर्डी फाट्याचं क्लिनिक नेमकं कुठे? माझाही खांदा.

---

पास_होल्डर

खारी, विषयांतर.

सावानावाली, माझे शब्द थोडे मागे घेतो. यादी बनवणारा मीही त्या गृहस्थांच्याच जातकुळीतला. उद्या ऑफिसात ती यादी एकदा उघडून बघतो.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

आठवड्याने अपडेट देतो. तिसऱ्या फेरीतही काही हललं नाही. पोरीने बारावा ऑप्शन घेतला, फी भरली. परवा गाळ्यावर आली होती, बहिणीने पाठवली असावी. मी फार काही बोललो नाही. संगम पुलाची गोष्ट मात्र सांगितली. तिने विचारलं, "अजून वाईट वाटतं?" मी हो म्हटलं. त्यावर ती जरा सैल झाली, कारण कळलं नाही. मग व्हीएमसीसमोर उभी राहून कंट्रोलरकडे बघत होती. त्याचा एक प्रॉक्सिमिटी सेन्सर महिनाभर मधूनच दगा देतोय, आम्ही टेप लावून चालवतोय. तिने विचारलं, हा आत काय करतो. मला नीट सांगता आलं नाही. मी यांत्रिकीवाला, वायरिंगच्या पेटीकडे पाहून हात जोडणारा.

---

बारावा_ऑप्शन

मामा, हा धागा तुमचाच आहे हे मला 'वाटाण्याच्या अक्षता'वरून कळलं. 'घरात सुतक' हे आईने वाचलंय, रविवारी जेवायला या आणि स्वतः निस्तरा. आणि मी त्या संध्याकाळी रडत नव्हते, झोपले होते.

द्राक्षबाग यांना एक विचारायचं होतं. तो सेन्सर तीन वायरचा आहे, तपकिरी, निळी, काळी. मशीन हलली की सिग्नल जातो, म्हणजे आधी जोडणीच तपासायची ना? मामा सेन्सरच बदलायचा म्हणतात. एम. जी. रोडला साधा मल्टिमीटर केवढ्याला मिळतो?

---

द्राक्षबाग

आधी जोडणीच. काळी वायर टर्मिनलला ढिली असणार, हलवून बघ, पण मशीन बंद करून. मल्टिमीटर घेऊ नकोस, माझा डिप्लोमाचा पडून आहे. शनिवारी नाशकात येतोय, मामांच्या गाळ्यावर देतो.